टंचाईच्या फायलींतला गेवराई तालुका

पंचायत समितीचा इतिहास लिहायचा म्हणजे सभापतींची नामावली, इमारतीची कोनशिला, शाळाखोल्या आणि रस्त्यांचा हिशेब, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. हा लेख वेगळ्या प्रश्नापुरता आहे. तालुक्यातले पाणी, माती, नदी आणि वाळू यांवर माणसांच्या उद्योगांचा परिणाम होत गेला, तो मोजला कोणी आणि त्या मोजणीवरून निर्णय घेतला कोणी? बीड जिल्ह्यातल्या गेवराई पंचायत समितीत पर्यावरण नावाचा कक्ष कधीच नव्हता. तरीही तालुक्याचे पर्यावरण कसे बदलत गेले याची गावनिहाय नोंद याच कार्यालयातून तयार होत आली. तिला आपण टंचाईची फाईल म्हणतो. उन्हाळा आला की ती उघडते, पाऊस पडला की बासनात जाते. समितीचा सहा दशकांचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते: मोजणी आणि निर्णय एकमेकांना जोडलेले होते तिथे काम झाले, मोजणारे एका कार्यालयात, परवानगी देणारे दुसऱ्या आणि भोगणारे तिसरेच राहिले, तिथे नोंदी झाल्या आणि नुकसानही होत राहिले.

ही फारकत संस्थेच्या जन्मापासूनची आहे. बलवंतराय मेहता समितीने 1957 साली गट पातळीवरची समिती हा ग्रामीण विकासाचा मुख्य आधार मानला होता. वसंतराव नाईक समितीने 1961 च्या अहवालात महाराष्ट्रासाठी वेगळा कौल दिला आणि जिल्हा परिषद ही सबळ कडी ठरवली. त्यानुसार 1961 चा अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. बीड जिल्ह्याच्या दृष्टीने ही घाई मोठीच होती. 1948 पर्यंत निजामी राजवट, 1956 पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई आणि 1960 ला महाराष्ट्र, असे चौदा वर्षांत चार कारभार इथल्या माणसाने पाहिले होते. प्रत्येक वेळी कागदांची पद्धत बदलली. नव्या रचनेत पंचायत समितीकडे राबवण्याचे काम आले, पण स्वतःचे उत्पन्न आणि स्वतःचे अधिकार बेताचेच राहिले. जिल्ह्याला एकसंध यंत्रणा हवी होती, हे नाईक समितीचे म्हणणे त्या काळात रास्तच होते. मात्र पाण्याचा आणि नदीचा प्रश्न जिल्ह्याच्या मापाने सुटत नाही, याची किंमत पुढे गोदाकाठच्या तालुक्यांना मोजावी लागली.

गेवराई हा जिल्ह्याच्या उत्तरेचा तालुका. पाटोदा-आष्टीकडचा बालाघाट इथे संपलेला असतो आणि काळ्या कसदार जमिनीचा, कापसाचा सपाट पट्टा सुरू होतो. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. काठच्या गावांत तिला गंगाच म्हणतात. राक्षसभुवन, पांचाळेश्वर ही काठावरची जुनी गावे. दक्षिणेकडच्या गावांना सिंदफणेचा आधार. पैठणला जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्याचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावच्या जलाशयाकडे जातो. नदी, कालवा आणि काळी माती एवढे सगळे असताना टंचाईच्या यादीत गेवराईची गावे असतातच कशी, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे. काळ्या मातीखाली दख्खनचा बेसाल्ट खडक आहे. पाणी साठते ते खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. तो साठा उथळ असतो आणि एका पावसाळ्याच्या भरवशावर असतो. पाऊस चुकला की विहिरी आटतात, आणि खोल बोअर घेतल्याने खडकात नवे पाणी तयार होत नाही.

1972 चा दुष्काळ हा समितीच्या इतिहासातला पहिला मोठा कसोटीचा काळ. त्यातूनच रोजगार हमीचे काम राज्यभर रुजले. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशा कामांनी मराठवाड्यातली शिवारे भरून गेली. या कामांनी लाखो हातांना मजुरी दिली, हे त्यांचे मोल कधीच कमी होणार नाही. पण त्यांची नोंद कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. हजेरीपटावर मजुरांचे दिवस लिहिले गेले, मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, खोदलेल्या आणि भरलेल्या मातीचे घनमीटर लिहिले गेले. बिल निघायला एवढे पुरे होते. बांधाच्या खालच्या बाजूच्या विहिरींची पातळी काम होण्याआधी काय होती आणि दोन पावसाळ्यांनंतर काय झाली, यासाठी त्या पुस्तिकेत रकानाच नव्हता. पुढे 5 डिसेंबर 2014 च्या शासन निर्णयाने जलयुक्त शिवार अभियान आले, तेव्हाही चर्चा बहुतांश कामांची संख्या आणि खर्च यांचीच झाली. पाणी किती मुरले हे गावागावांतून मोजले गेले असते, तर अभियानाच्या बाजूने आणि विरुद्ध झालेला बराचसा वाद आकड्यांनीच मिटला असता.

मोजणी नीट झाली ती दुसऱ्या एका संस्थेकडून. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. तिने राज्याची दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत विभागणी केली आणि साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरी ठरवून टाकल्या. वर्षातून चार वेळा या विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी पाहिली जाते. पावसाळा संपला की त्या वेळची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी आणि पातळी तीन मीटरहून अधिक खाली गेलेली असेल, तर त्या भागात टंचाई ऑक्टोबरपासूनच जाणवणार असे गणित मांडतात. दोन ते तीन मीटरची घट असेल तर जानेवारीपासून, एक ते दोन मीटरची असेल तर एप्रिलपासून. पंचायत समितीचा टंचाई आराखडाही ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांचाच असतो. विहिरीतल्या टेपचा आकडा आणि समितीच्या टेबलावरचा प्रस्ताव यांचा इतका थेट सांधा तालुक्याच्या कारभारात दुसरीकडे सापडणे अवघड आहे. त्यामुळेच 2012-13, 2015-16 आणि 2018-19 सारख्या कठीण वर्षांत यंत्रणेला आधी तयारी करता आली. ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी, खासगी विहिरीचे अधिग्रहण आणि शेवटी माणशी 20 लिटरच्या हिशेबाने टँकरच्या खेपा, ही साखळी उन्हाळ्यामागून उन्हाळे चालली. त्या काळात खेपांच्या नोंदी ठेवणाऱ्या ग्रामसेवकांचे आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांचे ऋण इथे नोंदवले पाहिजे.

पण हा सांधा फक्त दिलाशापुरता होता. पातळी तीन मीटर खाली गेली तर टँकर येतो. ती का गेली, हे विचारून एखादा उपसा थांबत नाही. 1993 च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणले. 2009 चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2014 मध्ये अमलात आला. त्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना लगाम घालण्याची तरतूद केली आणि अधिसूचित क्षेत्रांसाठी पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची कल्पना मांडली. कायदे चांगले आहेत. मात्र बोअरची गाडी शिवारात रात्री येते आणि सकाळी जाते. ते पाहणारा सरपंच असतो, कारवाईचा अधिकार मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. मग विहीर आटली की गावाचा अर्ज पंचायत समितीकडेच येतो.

वाळूच्या बाबतीत ही फारकत उघड्या डोळ्यांना दिसते. टंचाई आराखड्यातल्या उपाययोजनांच्या यादीत विंधन विहिरी, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, विहिरीतला गाळ काढणे, अधिग्रहण आणि टँकर यांच्याबरोबर एक छोटा जुना उपाय आहे: बुडक्या घेणे. कोरड्या नदीपात्रात वाळू उकरून खड्डा घेतला की वाळूत धरलेले पाणी पाझरून वर येते, आणि त्या बुडकीवर वस्ती काही आठवडे तगते. याचा अर्थ, वाळू हे पाण्याचे कोठार आहे हे सरकारी यादीतच मान्य केलेले आहे. त्याच पात्रातली वाळू दुसऱ्या कार्यालयाच्या कागदावर ब्रासमध्ये मोजलेला गौण खनिज साठा असते. वाळू खालच्या चिकणमातीपर्यंत किंवा खडकापर्यंत उपसली, तर बुडकी घ्यायला जागा उरत नाही आणि काठच्या विहिरींनाही पूर्वीसारखा पाझर मिळत नाही. एकाच नदीची किंमत दोन फायलींत दोन तऱ्हांनी लिहिली जाते, आणि त्या दोन फायली एका टेबलावर कधी येत नाहीत.

नियम नाहीत असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरवली. केंद्राने 15 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवाल सक्तीचा केला आणि लहान पट्ट्यांचा निर्णय जिल्हा पातळीवरच्या प्राधिकरणाकडे सोपवला; 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्या व्यवस्थेतल्या उणिवा दाखवल्या आणि निर्णय पुन्हा राज्यपातळीवर गेला. केंद्राच्या 2016 च्याच मार्गदर्शक तत्त्वांनी उपशाची खोली तीन मीटर किंवा पाण्याची पातळी यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत मर्यादित केली. राज्याची वाळू धोरणे बदलत राहिली: लिलाव झाले, 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने डेपोतून विक्री आली, 2025 मध्ये पुन्हा लिलाव आणि कृत्रिम वाळू आली. विक्रीची पद्धत दर वेळी नव्याने ठरली. पट्टा घेण्याआधी पात्रात वाळूचा थर किती होता, उपशानंतर किती राहिला आणि पुढच्या पुरानंतर किती भरून आला, या तीन आकड्यांची मालिका मात्र काठच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर कधी झळकली नाही. ट्रॅक्टरला केनी जोडून पात्रातून वाळू ओढली जाते, हायवा भरून रात्रीतून जातात, आणि गावाच्या हाती फक्त रस्त्याची चाळण आणि खोल गेलेली विहीर राहते.

यावर एक जुना युक्तिवाद ऐकू येतो की नदी दर पावसाळ्यात वाळू परत आणते, मग उपसली तर बिघडले कुठे? धरणाच्या आधी त्यात तथ्य असेल. आता वरच्या अंगाला जायकवाडीचा प्रचंड जलाशय आहे, आणि वरून येणारी वाळू व गाळ तिथेच बसतो. त्याच्या खाली हिरडपुरी, आपेगावसारखे बंधारे आहेत. धरणाखालच्या पात्रात जी भर पडायची ती प्रामुख्याने काठच्या ओढ्यानाल्यांतून, आणि अधूनमधून धरणातून मोठा विसर्ग झाला तर त्या पुराने सरकवलेल्या वाळूतून. जुन्या अनुभवावर नव्या नदीचा हिशेब बसत नाही. म्हणूनच दर वर्षी थर मोजणे गरजेचे ठरते. घरकुलाला वाळू लागते, बांधकामावर हजारोंचे पोट आहे, हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याला उत्तर बंदी हे नाही. किती वाळू भरून येते ते कळल्याशिवाय किती द्यायची हे ठरवता येत नाही, एवढेच इथे म्हणायचे आहे.

नदी ही केवळ तालुक्याची नव्हे तर जिल्ह्याचीही सीमा असल्याने हा पेच आणखी घट्ट होतो. राक्षसभुवनच्या काठावर बीड जिल्हा, पलीकडे शहागडच्या बाजूला अंबड तालुका आणि जालना जिल्हा, वर पैठण म्हणजे छत्रपती संभाजीनगर. पात्र एक, पण जिल्हा सर्वेक्षण अहवाल वेगवेगळे, महसूल पथके वेगवेगळी, आणि कारवाईची तीव्रताही वेगवेगळी असू शकते. एका काठावर धाड पडली की यंत्रे दुसऱ्या काठाला लागतात. इथे परदेशातले एक उदाहरण विचार करायला लावणारे आहे. न्यूझीलंडने 1989 मध्ये प्रादेशिक परिषदा स्थापन केल्या, तेव्हा त्यांच्या हद्दी मुख्यतः नद्यांच्या पाणलोटावरून आखल्या. 1991 च्या संसाधन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापरण्याची व सांडपाणी सोडण्याची परवानगी देणे, त्या परवानगीच्या अटी पाळल्या जातात का हे तपासणे आणि प्रदेशाच्या पर्यावरणाची स्थिती सतत मोजत राहणे, ही तिन्ही कामे एकाच परिषदेकडे दिली. तपासणीचा खर्च परवानाधारकाकडून घेण्याची सोयही केली. तिथल्या नद्या त्यामुळे निर्मळ झाल्या असे मुळीच नाही. दुग्धव्यवसायाच्या प्रदूषणावरून तिथेही तंटे आहेत. पण तंटा करायला प्रत्येकाच्या हातात एकाच प्रवाहाचे वर्षानुवर्षांचे आकडे असतात. आपल्याकडे प्रादेशिक पातळीवर संस्था नव्हत्या असे म्हणता येत नाही. 1994 मध्ये मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळाले. त्याची मुदत 2020 मध्ये संपली. त्याने सिंचन, रस्ते, आरोग्य यांचा अनुशेष मोजला आणि तो मोजणे न्याय्यच होते. नदीपात्राची झीज आणि भूजलाची घट त्या अनुशेषात धरली गेली नाही. गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ धरणे आणि कालवे पाहते. खोऱ्याकडे खोरे म्हणून पाहणारी आणि गावाला उत्तर देणारी संस्था अजून नाही.

कारखान्यांच्या बाबतीतली हीच फारकत थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 7 सप्टेंबर 1970 रोजी स्थापन झाले, म्हणजे 1974 च्या केंद्रीय जल कायद्याच्याही आधी. या भागाचे प्रादेशिक कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. साखर आणि आसवनी उद्योगांना सांडपाण्याचे मोजमाप ऑनलाइन करणारी यंत्रे बसवावी लागतात आणि ते आकडे मंडळाकडे जातात. ज्या ओढ्याकाठी गाव आहे त्या ग्रामपंचायतीकडे ते आपोआप येत नाहीत. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीच्या आधी अहवालाची प्रत जिल्हा परिषदेत लोकांना वाचण्यासाठी ठेवण्याची तरतूद आहे. लोकनियुक्त संस्थेला या सगळ्या प्रक्रियेत मिळालेली जागा बहुतांशी वाचनालयाची आहे.

याउलट पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता. इथे समितीला अभिमानाने सांगण्यासारखे काही आहे. गावच्या टाकीतून, शेवटच्या नळातून पाणी घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसेच राहिले तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलेली नाही. ही चाचणी गावचा पाणीपुरवठा कर्मचारी करतो, आरोग्यसेवक पडताळतो. वर्षातून दोनदा उद्भवांची स्वच्छता तपासून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलसुरक्षक नमुने प्रयोगशाळेत पोचवतो. जलजीवन मिशनने गावातल्या महिलांना तपासणी संच वापरायला शिकवण्याची जोड दिली. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर, फ्लोराइड दीडच्या वर गेले तर उद्भव बदलावा लागतो. या व्यवस्थेतही ढिलाई आहे, रजिस्टर एका बैठकीत भरले जाण्याचे प्रकार आहेत. तरी ती चालते, कारण मोजणारा, टीसीएल टाकणारा आणि पाणी पिणारा एकाच गावात राहतो, आणि लाल कार्डाचा डाग सरपंचाला चारचौघांत बोचतो.

तांत्रिक कामे ग्रामीण माणसांना जमणार नाहीत, या आक्षेपाला हेच उत्तर आहे. विहिरीत टेप सोडणे ओटी चाचणीपेक्षा अवघड नाही. दुसरा आक्षेप गंभीर आहे: गावातलीच माणसे वाळूच्या धंद्यात असतात, सदस्यांचे हितसंबंध असतात, मग संस्थेच्या हाती देखरेख कशी द्यायची? वाळूच्या गाड्या अडवणाऱ्या तलाठ्यांवर आणि महसूल पथकांवर राज्यात हल्ले झाले आहेत. त्या जागी एखाद्या ग्रामसेवकाला उभे करणे अन्यायाचे होईल. म्हणून धाडी आणि दंड यांची जबाबदारी महसूल आणि पोलिसांकडेच राहावी. समितीने मोजावे आणि मोजलेले फलकावर लावावे. हितसंबंधी माणूस एका परवानगीत हस्तक्षेप करू शकतो. साऱ्या गावाने दर तीन महिन्यांनी पाहिलेला विहिरीचा आकडा त्याला बदलता येत नाही. तिसरा आक्षेप समित्यांच्या गर्दीचा. जैवविविधता व्यवस्थापन समित्या झाल्या, लोकजैवविविधता नोंदवह्या मुदत गाठण्यासाठी घाईने भरल्या गेल्या; 2020 पासून माझी वसुंधरा अभियानात गुणांची स्पर्धा आली. आणखी एक समिती नकोच. टंचाईची फाईल, निरीक्षण विहिरींचे आकडे, वाळूपट्ट्याचे सर्वेक्षण आणि पाणी तपासणीचे अहवाल गावनिहाय एकत्र लावले तरी चित्र उभे राहते.

2017 च्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकांकडे गेला. त्या काळातही आराखडे झाले, टँकर सुटले, नमुने तपासले गेले. पण मासिक सभेत उभे राहून आमच्या गावाचे नाव यादीत का नाही, हे विचारणारा सदस्य नव्हता. पुढच्या सभागृहासमोर पहिल्याच टंचाई बैठकीत आराखड्याबरोबर तीन जादा तक्ते ठेवता येतील: यादीतल्या प्रत्येक गावाच्या विहिरीची मागच्या दहा वर्षांची पातळी, गावाच्या दोन किलोमीटरच्या आत दिलेला वाळूपट्टा आणि त्याची मंजूर खोली, आणि त्या गावाला कोणत्या वर्षी टँकरच्या किती खेपा लागल्या. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. वाळूपट्ट्यासाठी ग्रामसभेच्या शिफारशीची वेळ येईल तेव्हा राक्षसभुवन असो की पांचाळेश्वर, ठरावाला हे तीन कागद जोडून पाठवता येतात, आणि ते नाकारायचे असतील तर नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला कारण लेखी मागता येते.